खिडकीतला ससा

पडद्यावर लाकडी टबाची होडी पाण्यात उतरली, टोपीवाला ससा तिच्यात बसला, आणि पुढच्या सतरंजीवरची एक मुलगी उभी राहून मला म्हणाली, "बाई, खिडकीतली काहून नाई जात त्याच्या संगं?"

मी पडद्याशेजारी स्टुलावर बसले होते. माझं काम सांगणारीचं. हे काम आता बोलपटांनी खाऊन टाकलं, म्हणून जरा समजावून सांगते. मोठ्या शहरांत तेव्हा सिनेमा बोलायला लागला होता. पण आमची टुरिंग कंपनी वऱ्हाडातल्या गावांतून बैलगाड्यांवर मुकीच रिळं फिरवत होती. खेळ चालू असताना मध्येच इंग्रजी अक्षरांची पाटी यायची. ती वाचणार कोण? म्हणून पडद्याजवळ एक माणूस बसवत आणि तो लोकांच्या बोलीत गोष्ट सांगे. संध्याकाळच्या शोला गोविंदराव सांगत. दुपारचा शो फक्त बायकांचा. परक्या पुरुषाचा आवाज ऐकत घरंदाज बायका अंधारात बसायच्या नाहीत, म्हणून त्या शोला मी.

दुपारी अंधार आणायचा कुठून, असं कुणी विचारील. कारंजा गावात त्याची सोय होती. उन्हाळ्यात कापसाचं जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, बंद असे. त्याचं टिनाचं गोडाऊन आमचे शेठ भाड्यानं घेत आणि फटींना पोती ठोकत. आत काळोख होई आणि भट्टीही होई. गाठी उचलल्या तरी तंतू मागे राहतात. ते सिनेमाच्या मशीनच्या उजेडाच्या झोतात तरंगत आणि माझ्या नाकात जात. सांगता सांगता मी शिंकले की बायकांना ते खेळातलंच वाटे.

मोठ्या खेळाआधी मुलांसाठी एक छोटं रीळ असे. चित्रांचा खेळ. एकच ससा हजारदा काढायचा, दर वेळी पाय जरासा पुढे, आणि ती चित्रं भरभर फिरवायची की ससा पळतो. आमचं रीळ शेठनी मुंबईहून जुन्या मालात आणलेलं. त्यात दोन ससे. एकाला टोपी, दुसऱ्याच्या डोक्यावर फीत आणि डोळ्यांना लांब पापण्या. बाकी दोघे एकाच साच्यातले. टोपीवाला समुद्रात जातो, वादळात सापडतो, सुसरीच्या जबड्यात काठी उभी करतो, बेटावरून गाजरं घेऊन परत येतो. फीतवाली घरी रोट्या भाजते, खिडकीत बसते, रुमाल हलवते, रडते. शेवटी टाळ्या वाजवते.

गोष्ट गोविंदरावांनी रचली होती आणि माझ्याकडून पाठ करून घेतली होती. खिडकीच्या जागी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "बाईचं गाव म्हंजे खिडकी." संध्याकाळी पुरुष त्यावर माना डोलवत. त्या मुलीलाही मी तेच ऐकवलं.

"बाईचं गाव म्हंजे खिडकी, पोरी. घर कोण पाह्यल मंग?"

बायका हसल्या. मुलगी बसली नाही. वेणू तिचं नाव, हे मला मागाहून कळलं; आत्याचं बोट धरून दर शोला यायची. "घर काय पयून जाते?" ती म्हणाली. आत्यानं तिला खाली ओढलं.

मला पुढचं वाक्य आठवेना. रीळ काही सांगणारीसाठी थांबत नाही. वादळ आलं, सुसर आली, ससा परतला, आणि मी गप्प. बायकांनी ते कसंबसं समजून घेतलं असावं.

का गप्प बसले, ते सांगायला माझ्या नवऱ्याचं सांगावं लागेल. सदाशिव याच कंपनीत पेटी वाजवायचा. वादळ आलं की खर्जात, रडणं आलं की वर. त्याचा हात असा की पडद्यावरच्या दिव्याचीसुद्धा दया यावी. दोन उन्हाळ्यांपूर्वी मालेगावचा मुक्काम असताना त्यानं सांगितलं, "मुंबईला बोलपटात पेटीवाले लागतात. जागा पाहतो अन् तुले न्यायले येतो." मी रस्त्यापर्यंत गेले. त्यानं लॉरीतून हात हलवला, मी पदर हलवला. त्यानंतर काही नाही.

माहेरी जा, असं सगळे म्हणाले. मी गेले नाही. त्याला माझा ठावठिकाणा एकच माहीत होता, तो म्हणजे ही कंपनी. ती सोडली असती तर त्यानं मला कुठं शोधावं? म्हणून प्रत्येक मुक्काम हलताना मी तिथल्या चौकीदाराला सांगून ठेवी, "कुणी पेटीवाला विचारत आला तर सांगा, आमची गाडी अमुक गावाला गेली." आज मंगरूळ, उद्या आसेगाव. लोकांना वाटे बाई देश पाहते आहे. खरं म्हणजे मी खिडकीतच बसले होते, फक्त तिला चाकं होती. आणि रोज दुपारी, भर अंधारात, मी माझ्याच तोंडानं बायकांना सांगत होते की हेच तुमचं गाव. वेणूनं विचारेपर्यंत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या जनाना शोला मी स्टुलावर बसले तेव्हा मनात काही ठरवलेलं नव्हतं. रीळ सुरू झालं, दोन ससे आले, आणि माझ्या तोंडून निघालं, "बायायहो, पाहून घ्या. डोक्यावर टोपलं घेतलेली हे सशीण. उन्ह लय हाय, म्हणून टोपलं. अन् डोक्याले फडकं बांधून चुलीपाशी बसला, तो तिचा नवरा."

कुणी शंका काढली नाही. का काढावी? कारंज्यात बाई फीत लावत नव्हती, आणि सशाच्या पापण्या कुणी पाहिल्यात? सशीण होडीत बसली. नवरा रोट्या थापू लागला तेव्हा गोडाऊन हसण्यानं दणाणलं. एक रोटी जळते, तिथं मागून कुणी म्हणालं, "जयू दे. शिकन आपोआप." मागच्या बाजूला बुरखे वर करून बसलेल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. सुसरीच्या जबड्यात काठी उभी राहिली तेव्हा वेणू सतरंजीवर उभी राहून नाचली आणि आत्यानं तिला ओढलं नाही.

मग खिडकी आली. घरी राहिलेला ससा पुन्हा रुमाल हलवू लागला, डोळे पुसू लागला. इथंही हसतील असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. पुढेच खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती, शेतीवाल्या घरची, हातात चांदीच्या पाटल्या. ती सावकाश म्हणाली, "पाहू दे त्याले वाट. आमी लय पाह्यली."

मी पदर तोंडाला लावला आणि शिंक आल्याचा बहाणा केला.

घोटाळा संध्याकाळी झाला. लहान मुलांना तिकीट नसे. दुपारी आईबरोबर आलेली पोरं संध्याकाळी बापाबरोबरही येत. गोविंदरावांनी नेहमीच्या ऐटीत सुरुवात केली, "हा शूर ससा निघाला..." आणि सतरंजीवरून ओरडा उठला, "ते बाई हाय! ससा घरी हाय, रोट्या करून राह्यला!" गोविंदराव आवाज चढवत, पोरं त्याहून चढवत. बापांनी पोरांना चापट्या दिल्या तरी ऐकेनात. जबड्यात काठी उभी राहिली तेव्हा मुलं 'सशीण, सशीण' करत टाळ्या पिटत होती, आणि गोविंदराव पडद्याशेजारी हात जोडून उभे होते.

सकाळी शेठनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. चहा दिला, मग विचारलं, "हे काय करून राह्यली बाई तू?"

"गोष्ट सांगून राह्यली."

"गोष्ट ठरलेली हाय. दोघा-तिघा भल्या माणसायनं विचारलं मले, आमच्या घरच्या बायायले काय शिकवता? उद्या त्यायनं पाठवल्याच नाई तं?"

"शेठ, रिळात कुठं लिवलं हाय, कोण बाई अन् कोण माणूस?"

"लिवलं नाई, पण सगळ्यायले समजते." त्यांनी बशी खाली ठेवली. "इथला उद्याचा शो शेवटचा. मी पडद्यामागं बसतो. गोविंदरावानं सांगितली तशी सांग. नाई तं इथूनच माहेरी जा. गाडीभाडं देतो."

हाकललं तर पोटाचं काय, हा प्रश्न मला पडला नाही. हात चालत होते, काही केलं असतं. मला दिसत होता तो सदाशिव. तो कधीतरी कंपनीच्या तंबूशी येईल, विचारील, आणि कुणीतरी त्याला सांगेल की ती आता इथं नाही. ते चित्र मला सहन होईना. रात्रभर मी गोविंदरावांची वाक्यं घोकली.

शेवटच्या शोला गोडाऊन खच्चून भरलं. ज्यांना पाठवणार नव्हते त्याही आल्या असाव्यात. पडद्यामागं शेठ खुर्ची टाकून बसले होते; त्यांची टाच मला दिसत होती. रीळ सुरू झालं.

"हा शूर ससा..." मी म्हणाले.

गोडाऊनमध्ये कुजबुज झाली. वेणू माझ्याकडे पाहत होती, फसवल्यासारखी. मी पुढचं वाक्य म्हटलं, त्याच्या पुढचंही म्हटलं. मग खिडकी आली. 'बाईचं गाव' एवढं ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. नोकरी डोळ्यांसमोर होती, सदाशिव डोळ्यांसमोर होता, तरी ते वाक्य निघेना.

खांबापाशी बसलेल्या म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याखालून दिसणाऱ्या त्या टाचेकडे. "तू राहू दे व माय," ती म्हणाली. "तुयी अडचन हाय. आमी सांगतो."

आणि त्यांनी सांगितली. आधी वेणूनं, मग आत्यानं, मग मागच्या बुरखेवाल्यांनी. सशीण वादळात शिरली, तिनं सुसरीला शिव्या हासडल्या. त्यातल्या काही मला नवीन होत्या. घरी नवऱ्याच्या रोट्या जळाल्या. सशीण गाजरं घेऊन परतली आणि एकीनं शेवट लावला, "आली घरी, पण सांगून ठेवलं हाय, पुढच्या साली अखीन जाईन."

शेठ बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"मी एक शब्दही नाई बोलली," मी म्हटलं.

"ते ऐकलं मी." त्यांनी खुर्ची उचलली. "राहा कंपनीत. पुढच्या गावी लहान रिळाले तू बोलूच नोको. त्यायलेच सांगू दे."

दुसऱ्या दिवशी गाड्या भरल्या. पडदा गुंडाळला, मशीन पेंढ्यात बसवलं. मी सवयीनं जिनाच्या फाटकाशी गेले. चौकीदार रहीमभाई दर वर्षीचे ओळखीचे. त्यांनीच विचारलं, "बहेनजी, पेटीवाले आये तो क्या बोलू? कौनसे गाव?"

गावाचं नाव मला ठाऊक होतं. जिभेवर होतं.

"सांगा," मी म्हणाले, "बाई पुढं गेली."

"कहाँ?"

"बस एवढंच सांगा."

गाडी निघाली. तो मला हवा होता, फार हवा होता. अजूनही कुठं पेटीचा सूर लागला की पाय थांबतात. गावातल्या मंदिरांचे कळस दिसेनासे होईपर्यंत मी गाडीच्या मागच्या बाजूनं पाहत बसले होते. मग उठून पुढच्या बाजूला गाडीवानाजवळ जाऊन बसले.

दोन-तीन वर्षांत आमच्या कंपनीतही बोलणारं मशीन आलं. त्याबरोबर चित्रांचं नवं रीळ आलं. त्यातही एक फीतवाली होतीच. आता ती बारीक आवाजात किंचाळायची, आणि कुणालाच मध्ये बोलता येईना. गोविंदरावांची नि माझी नोकरी एकाच दिवशी गेली. त्यांनी पानाचं दुकान टाकलं. मी शिवणयंत्र घेतलं. धंद्यातून शिकले ते एवढंच की चित्र काढणारा लांब असतो. सांगणारा जवळ बसलेला असतो, म्हणून आधी त्याच्यावर नजर ठेवावी.

लोक विचारतात, मग तो आला का? कारंज्याचा मुक्काम त्यानंतरही झाला. रहीमभाई फाटकावरच होते. कुणी विचारत आलं होतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारावंसं मात्र फार वाटलं.