गाडी करौंदीला थांबते

दादा गेल्याची तार गुरसरायला आली. यजमानांनी ती वाचली, माझ्या हातात ठेवली आणि आत गेले. महिना होत आला... अजून ते खरं वाटत नाही.

दादा माझे थोरले भाऊ, झाशी स्टेशनच्या मालधक्क्यावर बाबू. एका उन्हाळ्यात ते मऊरानीपुरहून गाडीने परतत होते. वाटेत करौंदी गावापाशी रुळांशेजारी माणसं पागोटी, लुगडी हलवत ओरडत होती. तिथे थांबा नव्हता. गावची माणसं गाडीला हात करतातच, म्हणून दादांनीही हसून हात केला. दुसऱ्या दिवशी इस्पितळाबाहेर बैलगाडीत त्यांना एक बाई दिसली, चादरीने तोंड झाकलेली. बाळंतपणात अडली होती, झाशीला पोचेतो संपली. करौंदीचा हल्के नावाचा तिचा नवरा चाकाला टेकून बसला होता. "गाड़ी कों भौत हाथ दओ, भैया... रुकी नईं."

त्या दिवशी दादा जेवले नाहीत. "अगं, मी त्यांना हात केला..." एवढंच वहिनींना म्हणाले.

मग त्यांना करौंदीने पछाडलंच. अर्ज केले, पण रोजचा माल आणि उतारू असल्याशिवाय थांबा मिळेना. तेव्हा दादा झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये दारोदार फिरले आणि करौंदीचं दूध-भाजी घ्यायला लोकांना राजी केलं. गावातली म्हातारी मंडळी बिथरली. "दूध शहर पियेगा, हमें का मिलहै?" दादांना ते पटलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना ते गावी घेऊन गेले. आठवड्याला एक फेरी बाईंनी कबूल केली. मग गावाने आपल्या हातांनी मुरूम टाकून फलाट रचला.

पहिली गाडी थांबली तेव्हा दुधाच्या कळशा चढल्या. पुढे कितीतरी लेकीसुना त्याच गाडीने इस्पितळात गेल्या, मुलं कडेवर घेऊन परतल्या. लोक दादांना हार घालायचे. पण वहिनी सांगतात, झोपेत ते शेवटपर्यंत दचकून ओरडायचे, "थांबवा, अहो थांबवा!"

गेल्या आठवड्यात मी करौंदीला उतरले. हल्के आता थकलेत. फलाटावर उभे राहून ते एकेका डब्याच्या दाराकडे बघत होते.

"हल्के भैया, दादा नहीं रहे... आपको ख़बर मिली न?"

"मिली, बाई," ते म्हणाले. "पै गाड़ी रुकत है, सो देख लेत हैं."

गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघंही बघत राहिलो.