फॉर्ममामांनी लावलेला क्रम

आमच्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतंय हे माझ्याआधी फॉर्ममामांना कळतं, आणि हे मी जळूनच सांगतोय. जिन्याखालच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर आणि मोडकी खुर्ची. पूर्वी कचेरीबाहेर बसून अर्ज टाइप करायचे. टाइपरायटर गेला, पाठीचा बाक राहिला. कोणाचं वय कागदावर दोन वर्षांनी कमी, कोणाचा जावई सुटलेली नोकरी लपवतोय, सगळं त्यांच्या पोटात. त्यांची बायको म्हणते, त्या पोटात निम्मा माझा स्वयंपाक आणि निम्मी गल्लीची गुपितं.

माणूस वाईट नव्हे. तीच तर भीती. वाईट माणसापासून लोक जपून राहतात.

ज्यांचा हात तंग, त्यांच्यासाठी मामांचे खास नियम. प्रिंट काढायची नाही, "कागद कशाला घालवायचा, मी आहे ना." मोबाईल नंबर स्वतःचाच टाकायचा, कारण यांचे फोन रिचार्जअभावी बंद पडतात. पासवर्डही मामांकडेच. त्या वर्षी कॉलेजप्रवेशाचे साठ फॉर्म त्यांच्या शर्टाच्या खिशातल्या एकाच फोनवर लटकत होते.

इस्त्रीवाल्या वहिनींची मुलगी मंगळवारी आली. प्रवेशपरीक्षेत आमच्या भागात तिच्याइतके गुण कोणालाच नव्हते. इंजिनिअरिंग कॉलेजांची यादी तिने वहीच्या पानावर क्रमाने लिहून आणली होती. सर्वांत वर रेल्वेने एक रात्र लांब असलेलं मोठं सरकारी कॉलेज. सर्वांत खाली, पान भरायचं म्हणून, आमच्या टेकडीवरचं खाजगी.

"एवढं लांब कशाला गं?"

"मामा, तिथली प्रयोगशाळा केवढी आहे माहितीय?"

"आणि आईची गाठोडी घरोघर कोण पोचवणार? प्रयोगशाळा?"

पोरगी हसली. "क्रम मात्र हाच ठेवा हं."

"मी टाइप करतो बाई, नशीब लिहीत नाही."

तिला कपडे पोचवायचे होते, ती गेली. मामा त्या पानाकडे बघत बसले. अठराव्या वर्षी ते स्वतः असेच लांब शिकायला गेले होते आणि खोलीचं भाडं न झेपून दोन महिन्यांत परतले होते. हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं, म्हणजे आता तुम्हालाही कळलं. गरिबाने जवळचं धरावं, हा धडा ते तेव्हापासून फुकट वाटतात. त्यांनी टेकडीवरचं कॉलेज उचलून सर्वांत वर ठेवलं, सरकारी दुसऱ्या नंबरला ढकललं आणि फॉर्म पक्का केला. पक्का झालेला फॉर्म बदलता येत नाही. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली म्हणे.

शनिवारी ठेकेदारसाहेब आले. घरचं इंटरनेट गेलेलं, नाहीतर असल्या खोलीत त्यांचं काय काम. मुलाची यादी पैसे घेणाऱ्या सल्लागाराने छापून दिलेली. सर्वांत वर तेच लांबचं सरकारी.

"तुम्हाला टेकडीवरचं परवडेल की साहेब," मामा म्हणाले.

"अहो, त्या खड्ड्यात पैसे कोण ओतणार? सरकारीत फी नावाला. कमी उत्पन्नवाल्यांना तर तीही माफ, वसतिगृह फुकट. आमचं मेलं उत्पन्नच आडवं येतं." स्वतःच्या विनोदावर ते मनसोक्त हसले. "फक्त क्रम जपून टाका. पहिलं नाव लागलं की कुलूप. पुढच्या फेऱ्या बंद."

मामांनी यादी टाइप केली. दोन ठिकाणी चुकले. मामा चुकत नाहीत.

पुढचे पाच दिवस ते भेटेल त्याला विचारत होते, टेकडीवाल्यांकडे गर्दी आहे का, गुण फार लागतात का. मला वाटलं, पोरीला जागा मिळावी म्हणून जीव टांगणीला लागलाय. मी थट्टाही केली. खरं तर ती जागा तिला मिळू नये म्हणून ते देव पाण्यात घालून बसले होते. ती हुकली तरच दुसऱ्या नंबरचं सरकारी लागणार होतं.

गुरुवारी सकाळी खिशातला फोन थरथरला. दुपारी मायलेकी आल्या. मीही होतो तिथे, उगाच एक झेरॉक्स काढायचं निमित्त करून.

"काय लागलं, भाऊ?" वहिनींनी विचारलं.

"पहिलं."

वहिनींनी डोळे मिटून हात जोडले. पोरगी म्हणाली, "म्हणजे सरकारी."

मामांनी तिला सगळं सांगितलं, एका दमात, खाली बघून. सबब सांगितली नाही, एवढं त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो.

"पुढच्या फेरीत?" तिने विचारलं.

"तुला पुढची फेरी नाही."

"फी किती?"

मामांनी आकडा सांगितला. वहिनी म्हणाल्या, "चारही वर्षांची ना?"

"एका वर्षाची. सोमवारपर्यंत भरायची. नाहीतर जागा गेली."

प्रिंटर खोकून गप्प झाला. वहिनींनी पदराने कपाळ पुसलं आणि मामांचीच समजूत घालायला लागल्या. "असू द्या भाऊ, तुम्ही भल्यासाठीच केलंत. नको म्हणायचाही काही फॉर्म असेल, तोही तुम्हीच भरा. आम्हाला काय कळतंय. एका वर्षाचा तर प्रश्न, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरू. तोवर बसेल माझ्यासोबत इस्त्रीला."

पोरीने आईकडे पाहिलंही नाही. मामांपुढे हात पसरला.

"पासवर्ड लिहून द्या."