पहिल्या पडद्यावरचं कॉलसाइन

डॉट-डॅशची, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांची, मोर्स लिपी शिकवणारा आमचा प्रोग्राम कुणाच्याच मालकीचा नव्हता. हौशी रेडिओवाले तो फ्लॉपीवर एकमेकांना टपालानं पाठवत, आतला कोडही सोबत देत. ज्यानं सुधारणा केली त्याचं कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं त्याचं हवेतलं नाव, प्रोग्रामच्या पहिल्या पडद्यावर चढे. तिथं मला माझं हवं होतं.

पिंगळीच्या आमच्या घरात मी पहिला पदवीधर. परभणीच्या कॉलेजात मी आणि माझा मित्र, दोघंही प्रयोगशाळा सहायक. प्राचार्यांनी रविवारी कॉम्प्युटरची खोली आमच्यासाठी उघडी ठेवली, ते उपकार मी आजही मानतो. मित्र जिंतूरकडचा, मेंढ्या राखणाऱ्या घरातला. तो माझ्याहून सरस होता. शहरातला असता तर मी मनाची समजूत घातली असती. पण त्याला माझ्याहूनही कमी मिळालं होतं. माझ्याकडे सबबच नव्हती.

कॉलेजला नवा, वेगवान कॉम्प्युटर आला आणि प्रोग्रामचा मोर्स ताशा वाजावा तसा तडतडू लागला. आवाज आणि वेळ सांभाळणारे कोडचे आयते तुकडे, ज्यांना लायब्ररी म्हणतात, ते जुने झाले होते. मशीनला उगाच आकडे मोजायला लावून ते वेळ काढत, आणि नवं मशीन ते आकडे चुटकीसरशी संपवी. मी महिनाभर आकडेच वाढवत बसलो. मित्रानं आठवड्यात ती लायब्ररी काढून टाकली आणि मशीनच्या घड्याळावर चालणारी नवी लिहिली.

मी ऐकलं. डॅश लांबट वाटला.

"हे लय ओढायलंय," मी म्हणालो.

त्यानं मोजून दाखवलं. डॅश डॉटच्या तिप्पट हवा, तेवढाच होता. मला पटवून घ्यायचंच नव्हतं. प्रोग्रामची मूळ प्रत सांभाळणारे एक निवृत्त तारमास्तर पुण्यात होते; मित्रानं नवी लायब्ररी त्यांच्याकडे पाठवली. नवी लायब्ररी सदोष आहे, घेऊ नका, असं पत्र मी त्यांना गुपचूप टाकलं. टाकण्याआधी मित्राच्या शेजारी बसून चहा पीत होतो तेव्हा ते पत्र माझ्या खिशात होतं.

पुढच्या रविवारी सकाळी तारमास्तर हवेत, म्हणजे रेडिओवर, भेटले. मी मोर्सची कळ दाबत होतो, मित्र शेजारी लिहून घेत होता. त्यांचं उत्तर त्याच्याच पेन्सिलीनं कागदावर उतरलं. पत्र मिळालं. लायब्ररी बरोबर आहे. तुमचे डॅश आखूड येतात, जुन्या प्रोग्रामवर शिकलात का?

शिकलो होतो. जुन्या लायब्ररीचा डॅश पहिल्यापासून तोकडा होता आणि माझा कान त्यावरच तयार झालेला. मित्र या प्रोग्रामकडे नंतर आला; तो पोस्टातल्या एका काकांकडे, खऱ्या कळीवर शिकला होता.

"कोणतं पत्र?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"मला सांगायचं ना गड्या. इथंच तर बसतो मी." मग म्हणाला, "तू ऐकून तपासलंस. माझ्याखाली तुझं कॉलसाइन टाकू का?"

खाली. तो एक शब्द मला झोंबला.

"नको," मी म्हणालो. त्यानं पुन्हा विचारावं म्हणून थांबलो.

काही आठवड्यांनी पुण्याहून नवी फ्लॉपी आली. पहिल्या पडद्यावर त्याचं कॉलसाइन होतं. मी खालची ओळ पाहिली. ती रिकामी होती. त्यानं माझं 'नको' खरं मानलं होतं.