गोठ्यातल्या म्हाताऱ्याची लापशी

"गाय मारली! मेल्याने माझी गाय मारली!"

ओरडत मीच होते. किती ओरडले, तर दिल्लीतल्या आमच्या द्वारकेवरून उतरायला निघालेलं विमान हवेत थबकलं आणि पायलटने खाली वाकून पाहिलं. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी आमच्या सोसायटीच्या गार्डला विचारावं. त्याने लगेच इंटरकॉम केला, "मॅडमजी, किसकी गाय? पार्किंगवाली?"

"पार्किंगवाली नहीं," आमच्या ह्यांनी फोन घेऊन सांगितलं, "नॉर्वेवाली." आणि परत पेपरात डोकं घातलं.

गाय व्हिडिओ गेममधली होती. तिकडच्या थंड मुलखातल्या चार-पाच पोरांनी आपल्या आज्यांच्या गोष्टी गोळा करून तो गेम बनवलाय. डोंगरातल्या राक्षसाने एका मुलीचा भाऊ पळवलाय आणि ती बर्फ तुडवत त्याला शोधायला निघाली आहे, एवढीच गोष्ट. वाटेत एक जण तळ्यात बसून सारंगी वाजवतो आणि ऐकणाऱ्याला पाण्यात ओढतो. मी स्पीकर बंद करून त्याच्या नाकासमोरून गेले. ऊन पडलं की दगड होणारे राक्षसही आहेत, पण त्यांचं मला काय? साहेब समोर आले की दगड होणारे मी सरकारी नोकरीत रोज बघत होते.

लॅपटॉप लेकाचा. जुना झाला म्हणून त्याने तो मला भजनं ऐकायला दिला होता. त्यात हा गेम होताच, त्याने अर्ध्यात सोडलेला. आणि त्या रविवारी लेक नोएडाहून आला तो लॅपटॉप परत न्यायला.

"आई, तुझ्या वयाच्या बायका पार्कात फिरतात, सत्संगाला जातात. तू दिवसभर राक्षस मारत बसतेस. काही तरी वाटू दे यार!"

"यार कोणाला म्हणतोस? आणि मारत नाही, चुकवते. मारामारीचे गेम वेगळे."

"डोळे जातील."

"माझे आहेत. जाऊ देत."

मला खरंच राग आला होता. उभा जन्म ऑफिसात दुसऱ्यांच्या फायली पुढे सरकवल्या, घरी दुसऱ्यांची ताटं. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा एक गोष्ट अशी सापडली, जिचा कोणाला दमडीचा उपयोग नाही. फक्त मला मजा येते. ती मी सत्संगासाठी सोडू? आणि तिथे तरी काय, सुनांच्या तक्रारी आणि गुडघ्यांची तेलं!

लेकाने चार्जर भिंतीतून उपटला, गुंडाळला, बॅगेत टाकून चेन ओढली. "बॅटरी आहे तोवर खेळ. तेवढ्यात गोठा पार केलास तर ठेव तुला. नाहीतर मी नेला."

पठ्ठ्याला खात्री होती, कारण गोठ्यात तो स्वतः अडकला होता. गेम सोडला तो तिथेच.

या गोठ्यात ढोपराएवढा, लाल टोपीवाला म्हातारा राहतो. घरादाराचा राखणदार. कडाक्याच्या थंडीत त्याच्यापुढे लोणी घातलेली लापशी ठेवायची. खूश झाला तर डोंगराकडचं दार उघडतो, रागावला तर गाय मारतो. मी इतक्या भक्तिभावाने लापशी ठेवत होते की गणपतीलासुद्धा हेवा वाटावा. तरी सकाळी गाय आडवी. तोवर त्याने माझ्या इतक्या गायी मारल्या होत्या की अख्ख्या दिल्लीचं दूध बंद पडायला हवं होतं.

"लोणी वर घाल, दिसलं पाहिजे," पेपरामागून हे म्हणाले.

"वरच घातलंय!"

"मी सगळं करून बघितलंय," लेक म्हणाला. "नेटवर विचारलं, तर म्हणे इथे कोणी अडकतच नाही. गेममध्येच गडबड आहे. दे आता."

"थांब. लापशी ठेवल्यावर तू काय केलंस?"

"काय करणार? थोडा वेळ थांबलो, मग वाटी उचलून त्या मुलीला खायला घातली. थंडीने मरत होती ती."

"मीही तेच केलं."

"मग बरोबरच केलंत," ह्यांनी पेपर खाली घेतला. "नैवेद्य दाखवायचा, प्रसाद आपण खायचा. इतकी वर्षं आपल्याकडे दुसरं काय चालतंय?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी पहाडगंजात वाढले. पितृपक्षात बाबा आमच्या गच्चीवर कावळ्याचं पान ठेवायचे. एकदा मी त्यातला वडा उचलायला गेले, तर बाबा असे गरजले की नवी दिल्ली स्टेशनातली गाडी वेळेआधी सुटली. "ते आपलं नाही! ठेवलं की वळायचं. पान परत घरात येत नाही!"

"अरे, हा देव नाही!" मी टेबलावर हात आपटला. "हा पितर आहे! ह्याचं ह्याला खाऊ दे!"

"आई, हळू. गार्ड परत फोन करेल."

"करू दे!"

बॅटरीची खूण लाल झाली होती. मी नवी लापशी ठेवली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि मुलीला पाठ फिरवून चालायला लावलं. तिची पावलं जड झाली, ती कुडकुडायला लागली.

"उचल ती वाटी!" लेक खुर्चीवरून उठला. "मरेल ती! आई, परत फिर!"

"नाही फिरणार."

"लॅपटॉप जाईल हां तुझा!"

"गेला तर गेला. घातलेलं पान मी उचलणार नाही!"

मागे वाटी खरवडल्याचा आवाज आला. मग गाय हंबरली. असं गोड हंबरणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. दार करकरलं आणि समोर डोंगर उभा राहिला, एवढा मोठा की आमच्या बैठकीत मावेना. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. इंटरकॉम मात्र वाजला.

"नहीं भैया," हे म्हणाले, "बच गई."

मी लेकाकडे वळले. "बोल! नेतोस? ने की! बघू कसा नेतोस!"

 मग त्याने बॅगेची चेन उघडली, चार्जर काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"पिन जरा सैल आहे," तो म्हणाला. "दाबून लाव."