टोपच्या आत टॉप

तोंडावर मी नवऱ्याला अहोच म्हणते. इथं लिहिताना अरेतुरे करणार आहे. तेवढी तरी मोकळीक मला पाहिजे.

तर ह्या माणसाचा गाडी चालवायचा एकच नियम. कोल्हापुरातून पुण्याच्या बाजूला निघालं, की शिरोली सुटल्यावर थोड्याच अंतरावर टोप नावाचं गाव लागतं. ते गाव यायच्या आत गाडी टॉपला, म्हणजे पाचव्या गिअरला पडलीच पाहिजे. "टोपच्या आत टॉप!" असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. बारा वर्षं तोच विनोद. एकदा टॉप पडला की पुढं चढ येवो, ट्रक येवो, म्हैस आडवी येवो, गिअर उतरवायचा नाही. का? तर ॲव्हरेज घावतंय. इंजिनाचा आवाज जरा वाढला की हा वाकून पेट्रोलचा काटा बघायचा.

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये काम करते. पंधरा वर्षं लेथच्या आवाजात गेली. जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, किती स्पीडला फिरवायचा हे तक्त्यावर लिहिलेलं असतं, पण चुकलं तर आधी कानाला कळतं. गाडीचंही तसंच. आमच्या गाडीत आरपीएमचा काटा दोन ते अडीच हजारांच्या मध्ये असला की ती गुमान पळते आणि पायाखाली ताकद शिल्लक राहते. नवरा तो काटा बाराशेवर आणून ठेवायचा. पाचवा गिअर आणि वेग पंचेचाळीस! स्टेअरिंग थरथरतंय, बॉनेटखाली टकटक चाललीय, आणि हा म्हणतोय, "बघ, कशी लोण्यागत चाललीया!"

लोणी म्हणे.

मी एकदाच बोलले. "अहो, इंजिन गुदमरतंय." तर म्हणाला, "लेथ न्हाय ती, गाडी हाय. तुला त्यातलं काय कळतंय?"

मरू दे म्हटलं असतं. पण माझी आई कराडच्या पलीकडं एका आडगावात भावाकडं असते. लकव्यानं तिची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्या गावाला दिवसातून एक एसटी जाते आणि तीच लगेच परत फिरते. आईजवळ घटकाभर बसायचं तर गाडीच पाहिजे. लायसन माझ्याकडं होतं, किल्ली ह्याच्या खिशात. ह्या रविवारी मित्राची वास्तुशांत, पुढच्या रविवारी मटणाचा बेत. दोन महिने मी आईचं तोंड बघितलं नव्हतं.

शेवटी मी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा त्यानं अट घातली. "मी शेजारी बसतो. टॉप न उतरवता कराड गाठलंस, तर दर रविवारी किल्ली तुझी." मी हो म्हटलं. आईसाठी मी त्या इंजिनाचा जीव घ्यायलाही तयार होते.

टोपच्या आत टॉप टाकला. हायवेचं काम चाललेलं, सारखा रस्ता वळवलेला, वेग सारखा कमी होत होता. गाडी कण्हत होती, मी दातओठ खात होते, आणि हा खिडकीवर कोपर टेकून खूश.

किणीच्या पुढं एका पुलाच्या चढावर दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर पुढं लागला. मी उजवीकडून बाहेर काढली आणि ॲक्सिलरेटर दाबला. काही नाही! गाडी नुसती गुडगुडली. डावीकडं ऊस, उजवीकडं दुभाजक, आणि आरशात एक लक्झरी बस लाईट मारत, हॉर्न बोंबलत अंगावर येत होती. काटा हजारावर लोळत पडलेला. मी गिअरला हात घातला, तर ह्यानं माझ्या हातावर हात दाबून धरला.

"उतरवू नगंस! रेट, रेट, जातीय ती!"

मी कोपर हाणलं. कुठं लागलं ते बघितलं नाही. तिसरा टाकला, काटा उडाला, गाडीनं उसळी घेतली. ट्रॉल्या मागं पडल्या, मी डावीकडं आले आणि बस शेजारून धडधडत गेली.

"इंजिन फोडलंस!" नवरा ओरडला. "किती बोंबललं ते!"

बसचं नाव नाही. आपण दोघं आत्ता मेलो असतो, ह्याचं काही नाही.

पुढच्या पेट्रोल पंपावर त्यानं गाडी थांबवायला लावली. उतरून बॉनेट उघडलं, वास घेतला, ऑइलची काडी काढून रुमालानं पुसली. काहीच झालेलं नव्हतं. तर त्याचाच जास्त राग आला बहुतेक. बॉनेट आपटून माझ्या खिडकीशी आला.

"सरक तिकडं. घरला परत जायाचं. तुझ्या हातात परत गाडी न्हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी माझ्या आईला भेटायचं की नाही, हे हा माणूस इंजिनाच्या आवाजावरून ठरवणार!

"अहो," मी म्हटलं, "इथनं वडापची जीप मिळंल तुम्हाला."

काच वर केली, पहिला टाकला आणि निघाले. आरशात तो चार पावलं पळताना दिसला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुढं रस्ता मोकळा होता. वेग ऐंशीवर गेला, काटा बावीसशेच्या वर टेकला आणि तिथंच राहिला. गिअर पाचवाच होता, बरं का. टॉपशी माझं काही वैर नाही. फोन वाजत होता, मी उचलला नाही.

वहिनीनं आईला उशीला टेकवून बसवलं होतं. आईनं जावयासाठी माझ्या मागं दाराकडं बघितलं. "पावणं?"

"आले नाहीत."

"एकटी?"

"एकटी." तिनं डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. तीन तास मी हलले नाही. वहिनीनं तिथंच भाकरी आणून दिली, तिथंच खाल्ली.

निघताना म्हटलं, "रविवारी येते गं."

आईचे ओठ हलायला लागले. अर्ध्या जिभेनं शब्द काढायला तिला किती कष्ट पडतात ते मला ठाऊक आहे. मी कान जवळ नेला. "त्यास्नी," ती म्हणाली, मग थांबली, दम घेतला, "इचार आधी."

"नाही विचारणार, आई," मी म्हटलं. "रविवारी येते."