हलका हात

माझ्या खोलीच्या दारातच त्याने तिच्या पाठीत गुद्दा घातला. चप्पल कुठे काढायची, एवढंच तिने विचारलं होतं. मी यवतमाळात सोनोग्राफी करते आणि माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. तरी दातओठ खात तिला टेबलावर झोपवलं.

डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ. बैलाचं शिंग लागलं, हे नवराच सांगत होता.

नव्या मशीनवर गाठ किती कडक ते रंगात दिसतं. त्यासाठी हातातला प्रोब छातीवर टेकवून अगदी हलकं, एका लयीत दाबायचं. जोर दिला की मऊ मांसही कडक दिसतं आणि नसलेला कॅन्सर दिसायला लागतो. दाब बरोबर असला तर पडद्याच्या कडेची पट्टी हिरवी होते. त्या दिवशी काही केल्या होईना. तो कोपऱ्यातून काही बोलला की ती श्वास कोंडायची, अंग लाकूड व्हायचं. मी हात हलका ठेवत होते आणि त्याच हाताने त्याचं थोबाड फोडावं असं मनापासून वाटत होतं.

बाहेर जा म्हटलं तर म्हणाला, बायको माझी आहे. शेवटी मी आणि आमच्या आयाबाईंनी त्याला ढकलून काढलं, कडी लावली. तो दारावर लाथा घालत राहिला.

लाथा थांबल्यावर कधीतरी पट्टी हिरवी झाली. गाठ मऊच होती. कुशीवर जुने-नवे वळ होते. बैल तर केव्हाच विकले, ती म्हणाली, ही त्याची लाथ. मार बसला की आतली चरबी मरते आणि तिची गाठ होते, तसंच हे दिसत होतं. कॅन्सर वाटत नाही, सुईने तपासून खात्री करू, मी म्हटलं. पोलिसांत जायचं का, तेही विचारलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"कॅन्सर हाय म्हणून सांगा न बाई त्याले. गाठ निंगाली तवापासून तो छातीवर नाही मारत. भेते."

खोटं मी सांगू शकत नव्हते. दार उघडून त्याला एवढंच सांगितलं की तपासणी व्हायची आहे, तोवर तिला हात लावायचा नाही. त्याने मान खाली घातली.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच आला, हातात पेढ्यांचा पुडा. सुईच्या तपासणीचा रिपोर्ट लॅबवाल्यांनी त्याच्याच मोबाइलवर पाठवला होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खरंच होतं.

"कॅन्सर नाही निंगाला, मॅडम. मंग आता काई भेव नाही न?"

मी पुडा त्याच्या तोंडावर फेकला. त्याने शर्ट झटकला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडीला किक मारून घरी गेला, तिच्याकडे.