मास्तरांचा चेहरा

पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीवर मास्तर म्हणून गेलो तेव्हा मला विसावं सरलं होतं आणि चेहरा कुणाला दाखवावा असा राहिला नव्हता. मुरमं सगळ्यांनाच येतात. माझी तसली नव्हती. गालांवर, जबड्याखाली आणि पाठभर करवंदाएवढ्या गाठी उठायच्या, ठणकायच्या, पिकून फुटायच्या, आणि एक बसायच्या आत शेजारी दुसरी उभी राहायची. सकाळी सदरा पाठीवरून सोलून काढावा लागे.

मी तुडील गावचा. आमचे चुलते मुंबईला गिरणीत होते आणि गावी येताना खाऊऐवजी पत्रकं आणायचे. संपाची, सभांची, अंगारेवाल्या बुवांचं पितळ उघडं पाडणारी. मी त्या पत्रकांवरच अक्षरं जुळवायला शिकलो, आणि शंका घ्यायलाही. छापलेल्या प्रत्येक ओळीमागे कुणाचा फायदा आहे ते आधी शोधायचं, हे मला पाढ्यांच्याही आधी आलं. त्यामुळे घरच्यांनी मसुराचं पीठ, जायफळ, कडुलिंब असं सगळं करून पाहिलं तेव्हा मी बडबडत का होईना सोसलं, पण 'लग्न झालं की जातील' या उपायाला मात्र हात जोडले. पोरीचं आयुष्य हे काही मलम नव्हे.

दिवाळीची सुट्टी संपवून वाडीवर परतलो तर शाळेत निम्मी पोरं नव्हती. जी होती ती माझ्यापासून दूर, दाराला खेटून बसलेली. पाण्याच्या माठाशेजारी कुणीतरी माझ्यासाठी वेगळं गाडगं ठेवलं होतं. मी काही बोलायच्या आत वाडीचे गावकर, म्हणजे गावकीचे पुढारी, दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"मास्तर, राग मानू नका. लोकं म्हनतात तुमाला मोठा रोग हाय."

मोठा रोग म्हणजे महारोग. हा शब्द वाडीवर कुणी तोंडाने उच्चारत नसे.

"कोण लोकं?"

"लोकं."

"नावं सांगा."

"लोकांना नावं आसतात काय, मास्तर?" ते हसले. "शिमग्याला मुंबैवाले येतील. तवा गावकी बसंल, काय ते ठरंल. तवर ज्याचं पोर येईल त्याचं येईल."

वाडीचा कुठलाही मोठा निर्णय मुंबईकरांवाचून होत नसे. म्हणजे शिमग्यापर्यंत मला मुदत होती. त्यानंतर ही नोकरी राहणार, की महारोगी म्हणून डोंगर उतरावा लागणार, ते सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यावर, ठरणार होतं. आणि एकदा तसा उतरलो की तालुक्यातली दुसरी कुठलीही शाळा मला दारात उभं करणार नव्हती.

रविवारी एसटीने महाडला गेलो. बाजारातल्या डॉक्टरांचं नाव चांगलं होतं, म्हणून मी आधीच सावध होतो. शिवाय औषधाचं दुकान दवाखान्याला लागून, आणि गल्ल्यावर डॉक्टरांचा मेहुणा.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मुंबईला जाणं-येणं असतं?"

"चुलत्यांकडे जातो."

"लग्न?"

"नाही."

"बाहेरख्याली?"

मी तडकलो. "डॉक्टर, मी चेहरा दाखवायला आलोय, चारित्र्य नव्हे."

"रागवू नका. विचारावं लागतं." त्यांनी मला डोळे मिटायला लावले. "कापूस लागला की सांगा." गालाला, कानाच्या पाळीला, हाताला कापूस लागत गेला. मी दर वेळी 'लागला' म्हणत होतो आणि महारोगात कातडी बधिर होते हे ठाऊक असल्याने ही कसली परीक्षा आहे ते एकीकडे मला कळत होतं. म्हणजे यांनाही तोच संशय!

"उघडा डोळे. तो रोग नाही. आणि असता तरी त्यावर आता गोळ्या आहेत, नीट घेतल्या तर माणूस बरा होतो. ही तुमची तारुण्यपीटिका, फक्त फार वाईट जातीची."

तारुण्यपीटिका! पुवाने भरलेल्या गाठीला इतकं सुंदर नाव ज्याने दिलं त्याला त्या आल्या नसाव्यात.

त्यांनी दोन औषधं लिहिली. एक गंधकाचं पांढरं पाणी, रात्री लावायचं. दुसरं म्हणजे लाल-पिवळ्या कॅप्सूल, दोन वेळा, पाण्याबरोबर, दोन-तीन महिने. "मधे सोडायच्या नाहीत," एवढं बोलून त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. मेहुण्याने कॅप्सूल मोजून पुडीत बांधल्या. कंपनीचं नाव असलेला डबा त्याने मला हातात देऊन दाखवला नाही, हे मी लक्षात ठेवलं.

वाडीवर मी ज्यांच्या पडवीत राहत होतो त्या काकी एकट्याच असत. त्यांचे यजमान, म्हणजे काका, मुंबईला गिरणीत. अख्ख्या वाडीत त्या एकट्याच माझं ताट हाताने घासत आणि तसं करताना कुणी बघतंय का ते पाहत नसत. कॅप्सूल पाहून त्या म्हणाल्या, "ही रबराची गोळी गिळनार तू? इंग्लिश दवा गरम पडतो रे बाबा. आतडी जळतील. दुधासंग घे." आणि म्हशीचं दूध कोमट करून समोर ठेवलं. पाण्याबरोबर म्हणजे कोरडी गिळू नका इतकंच, असा मी अर्थ लावला आणि दुधाबरोबर घेतली. मग रोज तसंच, दोन्ही वेळा.

महिना गेला. पाठीवर नवीन गाठी, हनुवटीवर जुन्याच. पोरं आणखी कमी झाली. गावकर एकदा रस्त्यात भेटले आणि अंतर ठेवून म्हणाले, "दवा लागू पडंना वाटतं. मोठ्या रोगावर कुटली आलीय दवा!"

मला दवाखान्याची आणि दुकानाची ती सामाईक भिंत आठवत होती. एका दुपारी शाळा सुटल्यावर मी टेबलावर कॅप्सूल उघडली. आत पिवळी भुकटी. जिभेवर ठेवली तर कडू. चुनखडी मिसळली असेल तर लिंबू पिळल्यावर फेस यायला हवा. लिंबू पिळलं, फेस आला नाही. पण त्यातून एवढंच सिद्ध झालं की ती चुनखडी नव्हती. औषध आहे हे कुठे सिद्ध झालं? खेडुतांना रंगीत भुकटी विकणाऱ्या दुकानदारांविरुद्ध एक पत्रक माझ्या डोक्यात जवळजवळ लिहून झालं होतं. पहिल्या वाक्यात 'लुटारू' होता.

पुढच्या रविवारी उरलेली पुडी घेऊन मी डॉक्टरांसमोर उभा राहिलो आणि बाकावरचे रोगी ऐकतील एवढ्या आवाजात विचारलं, "यात काय भरलंय?"

डॉक्टरांनी आधी माझा चेहरा पाहिला, मग पुडी. "कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर."

त्यांनी चष्मा काढला. "मी पाण्याबरोबर म्हणालो होतो."

"म्हणालात. का, ते नाही म्हणालात."

"अहो, दुधात चुन्याचा अंश असतो, तो या औषधाला धरून ठेवतो. रक्तात जाऊच देत नाही. महिनाभर तुम्ही औषध पोटात घातलंत आणि जसंच्या तसं बाहेर टाकलंत!"

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हणालो, "मग हे त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? ज्याचं कारण सांगत नाहीत त्याला आम्ही हुकूम म्हणतो. आणि आमच्याकडे दूध हे औषधाबरोबर घ्यायचंच असतं. तुम्ही महाडात दवाखाना चालवता, तुम्हाला हे ठाऊक नाही?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. "ठाऊक होतं," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं." मग माझ्या मुदतीचं ऐकल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला. "तुम्हाला महारोग नाही असा दाखला देतो. गावकीच्या तोंडावर फेका."

इतका सोपा तोडगा समोर आला की मला हटकून शंका येते. हा कागद मी दाखवला की शाळा वाचेल. पण त्याचा अर्थ काय होईल? ज्याच्याकडे असा कागद नाही त्याला हाकला, हे मास्तरांनाही मान्य आहे, असा. मी नको म्हणालो. डॉक्टरांना मी वेडा वाटलो असेन.

काकींना सांगणं त्याहून अवघड गेलं. "काकी, उद्यापासून दूध नको."

त्यांचा चेहरा पडला. "लोकं तुझ्या हातचं पानी पीत नाय, आन तू माज्या हातचं दूध नको म्हनतोस?"

मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं कारण सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग आदीच सांगायचं ना त्या मेल्यानं! दवा पान्यासंग घे. दूध दुपारच्याला देते, दव्याची आन त्याची गाठच पडायला नको." माझ्यापेक्षा त्यांना ते लवकर पटलं.

शिमगा आला तोवर पाठ सपाट होत आली होती. गालांवर खड्डे आणि काळे डाग राहिले, पण ठणका गेला. मुंबईकर आले, त्यांच्यात काकाही. पालखी सहाणेवर बसल्यावर गावकी भरली आणि मला बोलावणं आलं.

गावकर म्हणाले, "त्वांड बरं दिसतंय मास्तर."

"सर्टिफिकेट हाय काय?" हा आवाज काकांचा होता. "गिरणीत बगा, फिट-अनफिटचा कागद लागतो. कागदाबिगर काय खरं?"

ज्या घरात मी राहत होतो त्या घरातूनच हे यावं! मी म्हणालो, "कागद मिळत होता. मी घेतला नाही. ही मुरमं होती. पण ती नसून तो रोग असता तरी त्याला औषध आहे, माणूस बरा होतो. वेगळं गाडगं ठेवून होत नाही. ठेवायचं तर ठेवा मला, नाहीतर काढा. पण कागद बघून नको."

कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "लय शिकलेला हाय, जाऊ दे." दुसरा म्हणाला, "पोरं तरी शिकतील." गावकरांनी माझा चेहरा पुन्हा एकदा नीट न्याहाळला आणि मान हलवली. मी राहिलो. माझ्या बोलण्याने नव्हे, गाल बसले म्हणून, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गोठ्यामागे माझी वाट बघत होते. मला वाटलं, पडवी सोडायला सांगणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि हात पुढे केला. पट्ट्याखाली फिकट, रुपयाएवढा डाग.

"इथं चिमटा काडला तरी कळत नाय," ते म्हणाले. "गिरणीचा डाक्टर बगंल तर उद्या हाकलंल. तुमी काल बोल्लात ते खरं? का सभेपुरतं?"

मला पकडण्याचा हा डाव असेल, असं क्षणभर मनात आलंच. मग मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. तेही माझ्याकडे त्याच नजरेने बघत होते.

"खरं आहे," मी म्हणालो. "आजच्याच गाडीने मी महाडच्या डॉक्टरांकडे येतो तुमच्याबरोबर."

"बरोबर नको." त्यांनी घड्याळ पुन्हा बांधलं. "तुमी म्होरं जा. मी मागनं येतो. आन हिला सांगू नका."

मी डोंगर उतरायला लागलो. प्रत्येक वळणावर मागे वळून बघत होतो. ते येत होते. अंतर ठेवून, पण येत होते.